राशीजवळचा गप्प माणूस

लॅटिन शिकवण्यात जन्म घालवलेल्या बाईनं गुडघ्याला पट्टा बांधून शिरूरकडे जाणारी एस.टी. का पकडावी, हे माझ्या सुनेला अजून पटलेलं नाही. ‘फोन करा ना,’ असं ती चार वेळा म्हणाली. पण ज्या माणसाचं नाव आपल्या पुस्तकात घालायचं, त्याला ते फोनवर विचारणं मला बरं वाटेना. शिवाय त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता, हे मी सुनेला सांगितलं नाही.

प्रकरण असं होतं. शेतीवरची एक जुनी रोमन कविता मी मराठीत आणते आहे. कवी कोण ते कुणाला ठाऊक नाही, कविता अर्धीमुर्धी उरलेली, आणि तिचे जगभरचे वाचक गोळा केले तर एका एस.टी.त बसून वर जागा उरेल. तिच्यात खळ्याचा भाग आहे. कणसं मळून होतात, धान्य वाऱ्यावर उपणून भुसा उडवून देतात, धान्याची रास लागते, आणि मग राशीकडे कुणीतरी तोंड मिटून येतं. मागच्या एका परदेशी संपादकाला ही ओळ तिथं खटकली. भुसा नाकातोंडात जातो म्हणून माणूस तोंड मिटतो, राशीपाशी मिटायचं कारण काय, असं म्हणून त्यानं ती उचलून वर उपणण्याच्या जागी नेऊन ठेवली.

वीसेक वर्षांपूर्वी पुण्यात मी संध्याकाळी लॅटिनचा वर्ग घेत असे. सहा-सात मुलं असायची. त्यांतला सुधाकर रोज दौंडहून यायचा. परतीची गाडी सव्वासातला, तोवर बसायला पंख्याखालची जागा पाहिजे म्हणून मी लॅटिन घेतलं, हे त्यानं पहिल्याच दिवशी मला प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं. एकदा ही ओळ शिकवता शिकवता मी त्याच्याकडे वळले आणि म्हणाले, ‘तू शेतकऱ्याचा मुलगा ना रे? तू सांग, तोंड का मिटतात?’ तो उठला आणि म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडं रास मोजताना कुणी बोलत नाही.’

मी खडू टाकून टाळ्या वाजवल्या. ओळ जिथल्या तिथे बरोबर होती! धान्यापुढे माणूस मानानं गप्प होतो, तो विधी आहे, आणि दौंडला तो अजून जिवंत आहे, असा मी निबंध लिहिला. तो परदेशात छापून आला आणि नंतरच्या आवृत्तीत ती ओळ आपल्या जागी परत गेली. अभ्यासक म्हणून माझ्या नावावर मिरवण्यासारखं एवढंच आहे. खरं सांगायचं तर ग्रंथालयात बसून मला एकही चांगली टीप सुचलेली नाही. जे सुचलं ते हातात खडू असताना, समोरच्या कुणीतरी तोंड उघडल्यावर. निबंधात मी ‘एका विद्यार्थ्याने सांगितले’ असं लिहिलं होतं, ते छापताना गाळलं गेलं आणि मी भांडले नाही. ते इतकी वर्षं टोचत होतं. आता पुस्तकाची प्रुफं हातात आली होती, सोमवारी परत द्यायची होती, आणि या ओळीवरच्या टिपेखाली सुधाकरचं नाव घालायचं, तेही त्याला विचारून, असं मी ठरवलं होतं.

सणसवाडी, शुक्रवार

सुधाकरचा पत्ता माहीत असण्याची शक्यता एकाच व्यक्तीची होती, ती म्हणजे त्याच वर्गातली मनीषा. ती सणसवाडीच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागाची मुख्य आहे. गाडीतून उतरले तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ‘रूम भाड्याने देणे आहे’ आणि त्याखाली तेच हिंदीत. पत्ता विचारला तर समोरचा म्हणाला, ‘सीधा जाके लेफ्ट मारा, मावशी.’ पुण्यात मला कुणी मावशी म्हटलं की मी भुवया चढवते. इथं उन्हात ते कानाला बरं वाटलं.

मनीषा गेटवर घ्यायला आली. कानात मशीनचा आवाज जाऊ नये म्हणून घालतात ती नारिंगी बुचं गळ्यात लोंबत होती. तिनं मला एका खानावळीत नेलं. चालवणारी बाई बिहारची होती, ती लिट्टी, म्हणजे सत्तू भरलेले कणकेचे गोळे, निखाऱ्यावर भाजत होती, पण वांग्या-बटाट्याच्या चोख्याबरोबर आपल्याकडचा शेंगदाण्याचा ठेचा देत होती. ‘इधर का आदमी बिना ठेचा खाता नहीं,’ असं तिनं मला समजावून सांगितलं. दोन लिट्ट्या खाल्ल्यावर तिसरी मी नको म्हणायच्या आत ताटात आली.

‘लॅटिन काय उपयोगाचं, असं विचारतात लोक मला,’ मनीषा म्हणाली. ‘मी म्हणते, ड्रॉइंग वाचताना बघा. एकही शब्द सोडून पुढं जायचं न्हाई, ही सवय मॅडमनी लावली. आणि एक गंमत सांगू? नवीन पार्टचा पहिला पीस मोजायला घेतला ना, की माझी पोरं गप्प उभी राहतात. मीच शिकवलंय. राशीसारखं.’

मला भरून आलं. वर्गात एका संध्याकाळी निघालेली गोष्ट कुठवर गेली होती! मी ज्या-ज्या वर्गाला ती कविता शिकवली, त्या प्रत्येकाला मी तो विधी शिकवला होता. मनीषानं तिथूनच सुधाकरला फोन लावला. तो शिरूरला शाळेत शिक्षक होता. मी का येते आहे हे ऐकल्यावर पलीकडून ‘या मॅडम, उद्या सकाळची शाळा आहे,’ एवढंच आलं. मनीषानं, तिला स्वतःला कामावर यायचं असलं तरी, रविवारी वरवंडला आपल्या वडिलांकडे जेवायला जायचं माझ्याकडून कबूल करून घेतलं आणि ती कामावर पळाली.

शिरूर, शनिवार

शिरूरला अजून पुष्कळ लोक घोडनदीच म्हणतात. मी उतरले तेव्हा नदीवरून थंड वारा येत होता आणि फेब्रुवारीतही शाल घेतल्याचं मला समाधान वाटलं.

सुधाकरचे केस पुढून गेले आहेत, पण चालणं तेच, गाडी पकडायची असल्यासारखं. त्यानं मला नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसवलं. तो कविता शिकवत होता. आधी अर्थाचं नाव न काढता ती त्यानं दोनदा नुसती मोठ्यानं वाचली. ही पद्धत माझी. मी मागे बसून उगाच नाक वर करत होते.

मग त्यानं एका मुलीला उठवून विचारलं, ‘पाट फोडून पाणी देतात ते तू पाहिलंयस?’

‘न्हाई सर. माहीत न्हाई.’

‘शाब्बास. एक मार्क.’

त्यानं खरोखरच फळ्याच्या कोपऱ्यात तिच्या नावापुढे एक रेघ मारली. त्याच्या वर्गाचा हा रिवाजच आहे. माहीत नसताना ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला मार्क, आणि ठोकून दिलेलं उत्तर पकडलं गेलं तर आधीचाही मार्क जातो. ज्यांना माहीत आहे ती मुलं मग निवांतपणे सांगतात. चाळीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

दुपारी त्याच्या घरी त्याच्या बायकोनं मासवड्या केल्या होत्या. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून माशासारख्या आकाराच्या वड्या, आणि सोबत तांबडाजर्द रस्सा. मी पुण्यात एकदा करून बघितल्या होत्या, त्या उलगडून सपाट झाल्या होत्या. ताटं उचलल्यावर मी प्रुफं काढली आणि मोठ्या थाटात ती टीप त्याच्यापुढे ठेवली.

त्यानं वाचली. मग कागद नीट घडी घालून माझ्याकडे सरकवला.

‘मॅडम, माझं नाव नको. टीपच काढा खरं तर.’

मला वाटलं, संकोचतोय. ‘अरे, हक्काचं आहे तुझ्या.’

‘मला माहीत नव्हतं, मॅडम. खळं पाहिल्याचं मला आठवतसुद्धा नाही. वडील दौंडला रेल्वेत पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलायचे. एक गुंठा जमीन नाही आम्हाला, कधीच नव्हती. तुम्ही शेतकऱ्याचा मुलगा म्हणून उठवलंत, सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. आई लहानपणी काहीतरी म्हणायची, खळ्यावर बोलायचं न्हाई, असं. तेवढंच सांगितलं. मग तुम्ही टाळ्या वाजवल्या.’

‘दुसऱ्या दिवशी सांगायचंस की.’

‘दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी चकल्या आणल्या होत्या.’

त्याच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. मला हसू आलं नाही. चहा येईपर्यंत मी त्याच्यावर रागावले होते, चहा पिऊन झाल्यावर स्वतःवर. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. दोन वर्षं हा मुलगा माझ्यासमोर बसला, आणि त्याच्या घरी कोण काय करतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. दौंडचा म्हणजे शेतकरी, असं मीच ठरवून टाकलं होतं आणि त्या ठरवण्यावर परदेशातली आवृत्ती उभी होती.

‘राहू द्या तशीच,’ सुधाकर हळूच म्हणाला. ‘कुणाला कळतंय? तुमचं नाव झालंय त्यानं. फक्त माझं घालू नका.’

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला ते पटलं. माझं वय सदुसष्ट आहे आणि नाव व्हावं असं माझ्या हातून दुसरं काही झालेलं नाही. टीप काढली तर पुस्तकाच्या प्रस्तावनेतला निम्मा भाग कोसळत होता. पण मागच्या बाकावरून बघितलेली फळ्यावरची ती रेघ डोळ्यांपुढून जाईना. मी त्याला म्हणाले, ‘आई आहेत ना दौंडला? त्या का म्हणायच्या ते तरी विचारू.’

‘ते मीही कधी विचारलं नाही,’ तो म्हणाला.

वरवंड, रविवार सकाळ

शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरणारा रस्ता उसातून जातो. सुधाकरच्या जुन्या गाडीच्या काचा वर होत नव्हत्या, त्यामुळे पुढच्या प्रत्येक ट्रॉलीची धूळ आम्ही इमानेइतबारे घेतली. वरवंडला मनीषाचे वडील, आप्पा, गुऱ्हाळावरच भेटले. त्यांनी मला उकळत्या रसाच्या काहिलीपासून दोन हातांवर बाजेवर बसवलं आणि वाटीत गरम काकवी दिली. बाजेवर मी चष्मा ठेवला होता. मी त्याच्यावर बसले. वाचायचा एकच चष्मा होता, त्याची काडी आणि एक काच गेली.

‘घ्या अजून काकवी,’ आप्पा म्हणाले, जणू काकवीनं काच सांधणार होती.

मी त्यांना राशीचं विचारलं. आता तिथं खळं नाही, ज्वारी मळणीयंत्रातून थेट पोत्यात जाते. पण आप्पांनी तरुणपणी बैलांच्या पायाखाली मळणी केलेली.

‘रास मोजताना गप्प बसायचे का हो तुम्ही?’

‘गप?’ आप्पा खदखदून हसले. ‘कोन गप बसतंय? अवो, रास म्हंजी आनंदाची गोष्ट! पयल्या मापाला एक म्हनायचं न्हाई, लाभ म्हनायचं. लाभ! आन् मग दोन, तीन. वस्तीवर ऐकू जाईल असं. आमचे आजे तर असे वरडायचे की पलीकडच्या शिवारात समजायचं, ह्यांची रास लागली.’

म्हणजे विधी होता, पण तो ओरडायचा होता. मी सुधाकरकडे पाहिलं नाही.

‘आणि खळ्यावर काम करणारी माणसं? तीही ओरडायची?’

‘ती बसायची की बांधाला,’ आप्पा अगदी सहज म्हणाले. ‘ती कशाला बोलत्याल?’

मग काहिलीतल्या रसाकडे बघत ते म्हणाले, ‘ह्ये कवा कुनी इचारलं न्हवतं बाई.’ जेवायला वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी आणि ताजा गूळ होता. आम्ही जेवलो, पुढे दौंडला सुधाकरच्या आईकडे जातो आहोत हे सांगितलं, आणि निघताना आप्पांनी गुळाची एक ढेप गाडीत ठेवली. ती माझ्यासाठी नव्हती. ‘ह्यांच्या आईला द्या,’ असं ते सुधाकरकडे न बघता मला म्हणाले.

दौंड, रविवार दुपार

पाटसवरून दौंडला पोचलो तेव्हा रूळ ओलांडायला फाटक बंद होतं आणि मालगाडी संपता संपत नव्हती. सुधाकरनं सवयीनं इंजिन बंद केलं. ‘ह्या फाटकामागं आमचं निम्मं आयुष्य गेलं,’ तो म्हणाला.

त्याची आई, शेवंताबाई, दारात गहू निवडत बसली होती. तिचं माहेर भांडगावकडचं, लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं हंगामात माहेरच्या शिवारात मजुरीला जायची. लेकाच्या बाई आल्या म्हणून तिनं आधी मला खुर्ची दिली, मग ती खुर्ची उन्हात आहे म्हणून सावलीत नेली, मग पाठीला उशी दिली. माझ्या सुनेनं हे बघायला हवं होतं.

मी म्हणाले, ‘मला एक कविता ऐकवायची आहे तुम्हाला. खळ्याची आहे. फार जुनी, लांबच्या देशातली.’

चष्मा मोडलेला, त्यामुळे वाचणं सुधाकरकडे आलं. त्यानं माझंच भाषांतर प्रुफांवरून वाचलं, अर्थाचं नाव न काढता, दोनदा. मळणी झाली, वारं आलं, भुसा उडाला, रास लागली, आणि शेतकरी तोंड मिटून राशीकडे आला.

शेवंताबाई निवडायची थांबली होती.

‘त्यो शेतकरी न्हाई,’ ती म्हणाली.

मी सावरून बसले. मूळ कवितेत शेतकरी नाहीच. कोण आलं ते कवी सांगत नाही. शेतकरी मी घातला होता, सगळ्यांनीच घातला होता, कारण राशीकडे दुसरं कोण येणार असं आम्हाला वाटलं.

‘मग कोण?’ मी विचारलं.

‘मालक कशाला गप येईल? मालकाची रास. गप आमी असायचो. मोजून हुईस्तवर बांधाला बसायचं. मोजून झालं की मंग सूप घिऊन जायचं, आपल्या वाट्याचं घ्यायला. तोंड मिटूनच जायाचं. काय बोललं, अजून घाला म्हनलं, तर म्हनायचे, हिला लई झालं. पुढल्या वक्ताला कामाला सांगायचे न्हाईत.’ ‘पन ध्यान असायचं हां माजं. त्ये मोठ्यानं लाभ म्हनायचे, आन् मी मनात. किती मापं झाली मला पक्कं ठावं असायचं. ह्याला मी म्हनायची, खळ्यावर बोलू नको बाबा. तवा बारका व्हता ह्यो.’

सुधाकर खाली बघत होता. ‘आई, हे कधी सांगितलं नाहीस मला,’ तो म्हणाला.

‘तू कवा इचारलंस?’

वीस वर्षं मी ज्या गप्प राहण्याला मान म्हणत आले, तो धसका होता. कवितेत तो पहिल्यापासून तसाच लिहिलेला होता, आणि तो वाचायला शिकलेल्या कुणाला दिसला नव्हता. मला लाज वाटली, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की उठून त्या बाईचे हात धरावेत असं वाटलं. मी ते धरलेही. तिच्या हाताला गव्हाचा कोंडा लागलेला होता.

‘आवो, पन,’ तिनं हात न सोडवता विचारलं, ‘त्याला दिलं का मंग?’

‘कुणाला?’

‘त्या मानसाला. गप आला त्याला. पुढं काय लिवलंय?’

पुढच्या ओळी मला तोंडपाठ आहेत. चष्म्याची गरज नव्हती. ‘पुढे बैलांच्या गळ्यात माळा घालतात,’ मी म्हणाले. ‘त्यांना हिरवा चारा घालतात, त्यांची पाठ थोपटतात.’

‘आन् मानसाला?’

‘त्याचं पुढं काही लिहिलेलं नाही. मग कवी दुसऱ्या कामाकडे जातो.’

तिनं मान हलवली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. ‘मंग तेवढं लिवा,’ ती म्हणाली. ‘बैलाला दिलं. मानसाचं सांगितलं न्हाई.’

मी सुधाकरला पेन दिलं. जुनी टीप त्यानं एक उभी रेघ मारून खोडली आणि मी सांगत गेले तसं समासात नवी लिहिली. वर्गातली ती जुनी गोष्ट सांगून मी शेवंताबाईंना विचारलं, तुमचं नाव घातलं तर चालेल का. ‘घाला की,’ त्या म्हणाल्या, ‘पन ह्याचंबी घाला. ह्यो खोटं बोलला म्हनून तर तुमी आला.’

सोमवारी प्रुफं वेळेत गेली. प्रस्तावनेचा निम्मा भाग मला पुन्हा लिहावा लागतो आहे, आणि परदेशी पाठवायचं एक पत्र टेबलावर अर्धवट पडलं आहे. टीप मात्र दौंडला झाली तशीच राहणार आहे, सुधाकरच्या अक्षरातली:

‘राशीकडे तोंड मिटून कोण येतं, हे कवी सांगत नाही. तो शेतकरी आहे आणि मानानं गप्प आहे, असं मी वर्गात शिकवलं आणि छापलंही. ते मला माहीत नव्हतं. सुधाकरलाही नव्हतं. बैलांना चारा मिळाल्याचं कवी पुढे सांगतो. या माणसाला काही मिळालं का, हे कवीला आजवर आम्ही कुणीच विचारलं नाही. शेवंताबाईंनी विचारलं.’